शेवंताबाईचं माहेर

“राणोजीचा लेक सिदू, सिदूचा लेक बिरू, बिरूचे लेक तिघं. थोरला म्हाकू, मधला धुळा, धाकटा बाळा…”

वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याचा तो आवाज वैजयंताच्या कानात अजून जसाच्या तसा होता. सुगी उरकली की तो बैलावर बसून सावळवाडीत यायचा. सरगरांच्या अंगणात घोंगडं अंथरायचा, डोळे मिटायचा, आणि कणगीतून धान्य काढावं तसे घराण्यातले पुरुष एकामागून एक बाहेर काढायचा. घरातली माणसं हात जोडून ऐकायची. वैजूचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. एकदा तिनं मधेच विचारलं, “आणि ह्यांच्या आया?”

हेळवी डोळे न उघडताच हसला. “आया परघरच्या असत्यात, बाळ. त्यांचं आम्ही न्हाई सांगत. त्यांचा हेळवी येगळा.”

“तो कधी येतो?”

सगळं अंगण हसलं. अण्णांनी लेकीच्या डोक्यात हलकी टपली मारली. आई तेवढी हसली नाही. सुपातले जोंधळे तिनं हेळव्याच्या झोळीत ओतले, रिकामं सूप पोटाशी धरलं आणि पदर सावरत आत निघून गेली.

आईला माहेर नव्हतं. म्हणजे असं गावात सगळे म्हणायचे आणि आईही तसंच म्हणायची. उन्हाळ्यात गल्लीतल्या पोरी मामाच्या गावाला जायच्या, येताना हातात काचेच्या बांगड्या आणि बोलण्यात मामीच्या तक्रारी घेऊन यायच्या. वैजू विचारायची, “आई, आपला मामा कुठाय?” आई म्हणायची, “न्हाई. चल, पाणी भर.” ऊस तोडायला जतच्या माळाकडून आलेल्या टोळीतली ती मुलगी, सरगरांनी करून घेतली, बाप पुढं लवकरच गेला, बाकीचे पांगले. गावाला एवढंच ठाऊक होतं. लग्नात अण्णांनी ताटातल्या तांदळात बोटानं लिहिलेलं ‘शेवंता’ हेच तिचं नाव झालं. त्याआधीचं नाव विचारायची गरज कुणाला पडली नाही.

वैजूच्या स्वतःच्या लग्नात नवरीच्या मागं मामा म्हणून भावकीतला एक माणूस उभा केला होता. त्याला पानाची तलफ आली होती. मंगलाष्टकं चालू असताना तो सारखा मांडवाबाहेर बघत होता. ती एवढीशी गोष्ट वैजयंताच्या मनात पुढं कितीतरी वर्षं कुसळासारखी रुतून बसली.

आणि मग तो वेगळा हेळवी खरंच आला. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते तेव्हा.

तो बैलावरून आला नाही. मिरजेतल्या एका प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारव्यात, कपाटाएवढ्या यंत्राच्या रूपात आला. केंद्राचं नाव ‘मातृरेषा’. वैजयंता तिथं तंत्रज्ञ म्हणून लागली. फिरत्या गाडीबरोबर गावोगाव जायचं, बायकांच्या लाळेचे नमुने घ्यायचे आणि हे काय आहे ते त्यांना समजेल असं सांगायचं, हे तिचं काम. सांगण्यात तिचा हातखंडा होता.

ती सांगायची, “आपल्या अंगातल्या एकेका पेशीत शेकडो बारक्या चुली असतात. शास्त्रात त्यांना तंतुकणिका म्हणतात. खाल्लेल्या अन्नाची ऊब करायचं काम त्यांचं. ह्या चुलींचा डीएनए वेगळा असतो आणि तो आईकडूनच येतो. बापाच्या चुली गर्भाच्या सुरुवातीलाच विझतात. आईचा हा वारसा लेकालाही मिळतो नि लेकीलाही, पण पुढं नेते ती लेक.”

हे ज्ञान जुनंच होतं. अडचण अशी होती, की हा डीएनए फार सावकाश बदलतो. हजारो बायकांचा तो एकसारखा निघायचा. ‘तुम्ही सगळ्या कधीकाळी एकाच आईच्या लेकी’ एवढंच त्यावरून कळायचं, आणि तेवढ्यानं कुणाला माहेर सापडत नाही. नवा शोध लागला तो ह्या सारखेपणाच्या पोटातल्या फरकाचा. एकाच बाईच्या अंगातल्या सगळ्या तंतुकणिका तंतोतंत सारख्या नसतात. पुष्कळशा एका वाणाच्या, तर मधूनच काही निराळ्या. लेकीच्या वाट्याला ह्या मिश्रणातल्या मोजक्याच येतात आणि त्यांच्यापासून तिच्या साऱ्या वाढतात. म्हणून दर पिढीला मिश्रणाचं प्रमाण जरासं हलतं. ते हलणं मोजणारी यंत्रं आली, आणि दोन अनोळखी बायकांच्या मध्ये किती आया उभ्या आहेत ते सांगता येऊ लागलं. मग यंत्र शाळांचे दाखले, लग्नांच्या नोंदी, जुनी रेशनकार्डं चाळायचं आणि त्या रेषेवर गावं आणि नावं ठेवत जायचं.

“विरजणासारखं म्हणा,” वैजयंता सांगायची. “आईच्या घरचं चमचाभर विरजण लेक सासरी नेते, तिची लेक तिच्या सासरी. दही तेच, पण दर घरी चव जराशी हलते. आमचं यंत्र चव घेऊन सांगतं, हे विरजण कुणाच्या घरचं.”

कवठ्याच्या बाजूला एका गावात हे ऐकून कोपऱ्यातल्या म्हातारीनं तिथल्या तिथं ओवी जुळवली होती:

लेकीची गं जात, जशी दह्याची कवडी
एका भांड्यातली गोडी, दुज्या भांड्यात उघडी

वैजयंतानं ती पाठ केली आणि पुढं गावोगाव नेली.

बघता बघता गोष्ट प्रयोगशाळेबाहेर पसरली. आयुष्यभर ‘अमक्याची बायको’ म्हणून राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या दारात अनोळखी भाचे साडीचोळी घेऊन उभे राहू लागले. कुणाचं माहेर अशा घरी निघालं, की दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली. कुठं दोन जावा मावसबहिणी निघाल्या आणि तरीही त्यांचं भांडण मिटलं नाही. लग्नात एक नवीन रीत आली. मंगलाष्टकं झाली की ‘मातृमाळ’ म्हणायची. आधी नवऱ्या मुलाकडची, मग नवरीची. ज्या बाया हयात असतील त्यांनी स्वतः उभं राहून आपलं जन्मनाव सांगायचं, आपण कुणाची लेक ते सांगायचं. गेलेल्यांची नावं सगळ्यात वयस्क बाईनं घ्यायची. ज्या बाईचं नाव लग्नात तांदळात लिहून पुसलं गेलं होतं, ती मांडवात ते पुन्हा उच्चारायची आणि मांडव गप्प व्हायचा. वैजयंतानं असे कितीतरी मांडव पाहिले होते. दर वेळी तिला रडू यायचं, आणि दर वेळी आपली स्वतःची माळ दोन मण्यांवर तुटते हे आठवायचं.

धाकटा भाऊ तानाजी तिला चिडवायचा. “आमची आक्का आख्ख्या जिल्ह्याची हेळवीण. घरचंच तेवढं सांगता येत न्हाई तिला.”

अन्वीचं, वैजयंताच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा ती नमुन्याची नळी घेऊन सावळवाडीला गेली. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती.

“नुसतं थुंकायचं हाय आई. हितं, नळीत.”

आईनं नळीकडं बघितलं. “माझं माहेर माझ्या थुंकीत हाय व्हय?”

“हाय.”

“मग थुंकायचंच न्हाई म्या.” टरफलं तिनं सुपाच्या एका अंगाला सारली. “सोन्यासारखी पोरगी हाय. तिचं लगीन कर. ह्यात कशाला पडतीस.”

“मुलाकडची माळ सात जणींची हाय. आपली तुझ्यापाशी संपती. तुझ्या लग्नाआधीचं नाव तरी सांग. एवढंच.”

“शेवंता म्हण. उभ्या जन्मात मला शेवंताच म्हटलंय लोकांनी.”

“ते सासरचं.”

“मग माणूस सासरचंच हाय मी,” आई म्हणाली, आणि पुढं तिनं फक्त शेंगांचाच आवाज केला.

परतीच्या एसटीत वैजयंताला एकदम उमगलं, आणि उमगल्यावर ती स्वतःशीच दचकली. आपणच गावोगाव सांगत फिरलो, आईचा वारसा लेकीत उतरतो म्हणून. आईनं जे दार लावून घेतलं होतं त्याची किल्ली वैजयंताच्या स्वतःच्या तोंडात होती.

केंद्रातल्या शास्त्रज्ञ फरझाना मुजावर तिच्याहून वयानं लहान, पण हुद्द्यानं मोठ्या. नळीवरचं नाव वाचून त्या थांबल्या.

“वैजूताई, आई हयात आहेत ना तुमच्या?”

“आहे. नमुना माझा आहे पण.”

“कायद्यानं तुमचाच. अडवणार नाही मी.” फरझानांनी नळी हातात फिरवली. “पण तुम्हीच नव्या पोरींना शिकवता ना, आई हयात असेल तर आधी आईला विचारा म्हणून? नमुना एकीचा असतो ताई, गुपित दोघींचं असतं. आणि जुळलं की निरोप पलीकडच्या बाईलाही जातो. तो परत घेता येत नाही.”

“माझ्या मागं मामा उभा नव्हता हो मॅडम,” वैजयंता म्हणाली. हे उत्तर नव्हे हे तिलाही कळत होतं.

 फरझानांनी नळी रांगेत लावली.

जुळणी झाली. जत तालुक्याच्या टोकाला असलेल्या खडकेवाडीतल्या भारतबाई नावाच्या बाईनं फिरत्या गाडीत कधीतरी नमुना दिला होता. यंत्रानं सांगितलं, तुमची आई आणि ही बाई मावसबहिणी किंवा त्याच नात्यातल्या. त्याखाली शाळेचा एक दाखला उमटला: द्वारका व्हनमाने, आईचं नाव कोंडाबाई, चौथी पास. आणि त्याखाली एका सामुदायिक विवाहातली नोंद: वधू द्वारका व्हनमाने, वर सरगर, सावळवाडी. सांगलीजवळच्या त्या लग्नसोहळ्याचं अण्णा जिवंतपणी नेहमी सांगायचे. शंका घ्यायला जागाच नव्हती.

द्वारका. वैजयंतानं ते नाव हलक्या आवाजात उच्चारून पाहिलं. आपल्या आईला कुणीतरी ह्या नावानं हाक मारत असेल, ती परकर सावरत धावत जात असेल.

तिनं भारतबाईंना फोन लावला. पलीकडचा आवाज माळावरच्या वाऱ्यासारखा मोकळा होता.

“आगं बया. द्वारकाक्काची लेक व्हय तू? जित्ती हाय का ती? माझी आई मरस्तोवर तिचं नाव काढायची बघ. माझ्या थोरल्या मावशीच्या दोन पोरी. थोरली द्वारका, ती नदीकाठाला दिली. आन धाकटी बिचारी त्याच साली उसाच्या फडावर तापानं गेली, पाचटाच्या कोपीतच. मी पाळण्यात हुते तवा, मला काय ठावं, पर आई सांगायची. द्वारका दिली ती दिली, पुन्हा म्हणून माळावर फिरकली न्हाई. आई जात्यावर म्हणायची—” आणि भारतबाईंनी फोनवरच सूर धरला:

कृष्णेकाठी दिली लेक, तिकडं हिरवं रान
माळावरती माय तिची, वाऱ्याला देते कान

वैजयंताचे डोळे भरून आले. “मावशी,” ती म्हणाली. हा शब्द तिनं जन्मात पहिल्यांदाच नात्यानं वापरला. “लग्नाला या. अन्वीच्या हळदीलाच या.”

लग्नासाठी आई मिरजेला राहायला आली. वैजयंतानं तिच्या हातात चहा दिला, शेजारी बसली आणि सणाची वस्तू द्यावी तसं सांगून टाकलं. “आई, मला कळलं. खडकेवाडी. व्हनमाने. तू द्वारका.”

आईचा कप तोंडापाशी होता, तो खाली आला. 

“कुठनं आणलंस हे नाव?”

“माझ्यातनं,” वैजयंता म्हणाली. “माझ्यात तूच आहेस ना.”

आईनं कप फरशीवर ठेवला. मग म्हणाली, “पोरीच्या लग्नात हे नाव घेऊ नगंस.”

“का पण? गरीब होते म्हणून? ऊस तोडत होते म्हणून? तुला लाज वाटती का त्यांची?”

आई उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबावं लागलं, पण तिनं लेकीचा हात धरला नाही. त्यानंतर ती कामापुरतं बोलू लागली. मीठ कुठाय, पाणी आलं का, एवढंच. अन्वीनं वैजयंताला स्वयंपाकघरात गाठलं. “मला नकोय ती माळ. आज्जी जेवत नाहीये नीट. तू कुणासाठी चाललीयस हे सगळं?”

“तुझ्यासाठी.”

“नाही गं आई,” अन्वी म्हणाली. “माझ्या मागं तानाजीमामा उभा राहणारच आहे.”

वैजयंता चिडली.

हळदीच्या सकाळी भारतबाई आल्या. काटक, काळ्याभोर, नऊवारीतल्या. पिशवीत साडीचोळी, खण, नारळ, आणि डब्यात माळावरच्या बाजरीचे लाडू. तानाजीनं सावळवाडीहून जातं आणून आतल्या खोलीत मांडलं होतं, आई खुंट्याला हात लावून हळकुंडं भरडत होती. बाकीच्या बायका अंगणात मांडवाला तोरणं बांधत होत्या. भारतबाई दारात थबकल्या आणि मग जाऊन आईच्या गळ्यात पडल्या.

“द्वारकाक्का. माझ्या आईला दावाया पायजे हुतं गं तुला.”

आईनं त्यांना थोपटलं, पण कुण्या दुसऱ्याच घरच्या सुतकाला आल्यासारखं. भारतबाई समोर बसल्या, खुंट्याला त्यांनी दुसरा हात लावला. दोघी मिळून दळू लागल्या. गावच्या, देवाच्या, शेळ्यांच्या, पाण्याच्या टँकरच्या गोष्टी भारतबाईच सांगत होत्या. वैजयंता पिवळं पीठ सारत होती आणि वाट बघत होती, की आई आता विरघळेल.

आईनं एकच गोष्ट विचारली, तीही मान वर न करता. “आन धाकटी?”

“धाकटी व्हय. ती गेली की कोपीत. तुला न्हाई का ठावं? तुझ्याच लग्नाच्या तोंडावर.” भारतबाईंनी सुस्कारा टाकला. “तिचं नाव काय बरं… आई म्हणायची, कुवार मेलेल्या पोरीचं नाव घेऊ नये, घराला चांगलं न्हाई. मग कुणी घेतलंच न्हाई. शाळंत बी घातली नव्हती तिला. शेळ्यामागं असायची. आता म्या इचारीन म्हटलं तर गावात सांगणारं एक माणूस उरलं न्हाई.”

जातं थांबलं.

“मी हाय की,” आई म्हणाली.

भारतबाई हसल्या. “तू हाईस, पर तू तर—”

“तीच मी.”

बाहेर कुणीतरी तोरणाची सुतळी मागत होतं. आतल्या खोलीत हळदीचा वास दाटला होता. आई जात्याच्या पाळूवर बोट फिरवत बोलू लागली, जणू समोर कुणीच नाही.

“द्वारकाक्काचं लगीन ठरलं. सरगरांनी तिला फडावर बघितली हुती, लांबनंच, मोळी घेऊन चाललेली. सामुदायिक लग्नात नाव दिलं, दाखला दिला, तिचं वय बसत हुतं. आन तिला ताप भरला. लग्नाला थोडं दिस उरलेलं. बैलगाडीत घालून दवाखान्यात न्यायची म्हणूस्तोवर गेली. आई वराडली न्हाई. बापानं तिच्या तोंडावर हात ठिवला हुता. नवरी मेली म्हटल्यावर लगीन मोडणार, आन त्या घरात पुन्हा कोण येतंय. बाप म्हणाला, धाकटी मेली म्हणून सांगू. कुवार पोरीचं सुतक तीन दिसांचं. लग्नाच्या तारखेला फिटतंय. टोळीतल्या माणसांना त्यानं शपथ घातली.”

वैजयंताच्या हातातलं पीठ निसटून जमिनीवर पडत होतं. तिला ते कळत नव्हतं.

“नदीच्या काठाला माझ्या नावानं तिला माती दिली. तिसऱ्या दिवशी माझ्या नावाचा निवद ठेवला. मी कोपीच्या दारातनं बघत हुते. कावळा लगीच शिवला. आई म्हणाली, पोरगी सुटली बघा. मागं काय न्हाई राहिलं तिचं.” आईनं पाळूवरची हळद पुसली. “मग मला अक्काची साडी नेसवली. लांब व्हायची मला. खाली दोन गाठी मारल्या.”

“आज्जी,” दारातून अन्वी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली कुणाला दिसलं नव्हतं. आज्जीनं तिला हातानंच बस म्हटलं.

“लग्नात ह्यांनी तांदळात शेवंता लिहिलं. मला बरं वाटलं. निदान ते नाव जित्या बाईचं हुतं. लई चांगला माणूस, पर त्यांना बी सांगितलं न्हाई. काय म्हणून सांगू? तुमच्या पदरात दुसरीच टाकली म्हणून? आन माहेरला जाऊ कशी? तिथं समद्यांनी मला मेलेली ऐकलेली. वेशीत शिरले असते तर माणसं पळाली असती. आई एकदा आली हुती भेटाया, बाप गेल्यावर. एसटीतनं उतरली. सासू शेजारी उभी. आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन म्हणाली, बरी हाईस का, द्वारके?” तिचा आवाज इथं पहिल्यांदा हलला. “तवापासनं मीच निरोप धाडला, येऊ नगंस. तिनं बी तेच नाव घेतल्यावर मी कुणाकडनं ऐकायचं?”

भारतबाई पदर तोंडात धरून बसल्या होत्या. वैजयंताच्या डोळ्यांपुढं पडद्यावरची ती स्वच्छ सरळ रेषा होती. दोन सख्ख्या बहिणी म्हणजे एकाच भांड्यातलं विरजण. नदीकाठच्या मातीत गेलेल्या मुलीचा नमुना कुणाकडं नव्हता, तेव्हा यंत्रानं ज्या बहिणीचा कागद होता तिचं नाव ठेवलं. यंत्राला घर कळलं होतं. त्या घरातली कोणती पोरगी जिवंत बाहेर पडली, हे त्याला कळण्यासारखं नव्हतं. आणि तिला, लेकीला, ते कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तिला मामा हवा होता, माळ हवी होती. आईला काय हवं, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

भारतबाईंनी पदर सोडला. “मग तुझं नाव गं अक्का? तुझं सोताचं?”

आईनं मान हलवली. “ते मेलेलीचं हाय. त्याला निवद दाखवलाय. मंगळकार्याच्या घरात घेत न्हाईत.”

भारतबाई पुन्हा विचारणार, तेवढ्यात वैजयंतानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. तिची स्वतःची जीभ त्या प्रश्नाच्या टोकावर उभी होती. सगळ्या जगात ते नाव आता एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस थकलेलं होतं. आज विचारलं नाही तर कदाचित कधीच कळणार नाही, हेही तिला कळत होतं.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “उद्या मी द्वारका म्हणणार नाही. शेवंताची लेक म्हणेन आणि तिथंच थांबेन. माझंच चुकलं. तुझं तुझ्यापाशी राहू दे.”

आईनं तिच्याकडं पाहिलं. मग पिवळ्या हातानं लेकीच्या कानामागची बट सारली. गालावर हळद लागली. “सांडलीस बघ समदी,” ती म्हणाली. “गोळा कर.”

दुसऱ्या दिवशी दुपारचा मुहूर्त होता. तानाजी भाचीच्या मागं छाती काढून उभा राहिला, नव्या फेट्यानं त्याचं कपाळ आवळलं होतं आणि तो हूं की चूं करत नव्हता. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. मुलाकडची माळ सुरू झाली. मुलाच्या आईनं आपलं नाव सांगितलं. त्यांच्या आजीबाई हौशी होत्या, सातांतली पुढची सहा त्यांनी गाण्यासारखी म्हटली आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या.

मग माइक इकडं आला.

“मी अन्वी. वैजयंताची लेक.”

वैजयंतानं माइक घेतला.  “मी वैजयंता. शेवंताची लेक.” आणि ठरल्याप्रमाणे ती थांबली. पाहुण्यांत थोडी कुजबुज झाली. एवढ्यातच कशी संपली, असं कुणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेत बसलेल्या फरझानांनी मान खाली घातली. गुरुजी पुढच्या विधीसाठी वळले.

“थांबा,” कुणीतरी म्हणालं.

आई खुर्चीवरून उठत होती. ह्या वेळी तिनं लेकीचा हात धरला. अंगावर भारतबाईंनी आणलेली साडी होती, माळाकडची, जाड सुताची, तिच्या मापाची. ती माइकपाशी आली. तो कसा धरतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून अन्वीनं तो तिच्या तोंडासमोर धरला. माइकमधून आधी नुसता श्वास ऐकू आला. 

वैजयंतानं आईकडं बघून हलकेच मान हलवली. नको सांगूस, राहू दे.

आईनं ते पाहिलं, आणि मान वर केली.

“मी हौसा,” ती म्हणाली. “कोंडाबाईची धाकटी लेक. द्वारकाक्काच्या पाठची.”